तुऱ्यावर फवारा नको

अमेरिकन लष्करी अळी २०१८मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात आढळली. आता लातूर-नांदेडच्या मक्यालाही तिची धास्ती आहे. अळी पोंग्यात दडते, भुशासारखी विष्ठा बाहेर दिसते आणि शेतकरी पंप उचलतो. मार मात्र मधमाशीलाही बसतो. सकाळी ती मक्याच्या तुऱ्यावर पराग गोळा करत असते, नेमकी तेव्हाच फवारणी! शेजारच्या सूर्यफुलाचे दाणे भरतात तेही बव्हंशी याच मधमाशीच्या जिवावर. सूर्यफुलाचा पेरा घटला म्हणून गळा काढायचा आणि परागीभवन करणारीलाच मारायचे, हा कुठला शहाणपणा? फवारा पोंग्यातच, सायंकाळी मारावा. तुरा आल्यावर रासायनिक औषध नको, अळ्या हाताने वेचाव्यात. कृषी विभागाने हे बांधावर जाऊन सांगावे.