पाय कापायचा असेल तर कार्ड चालतं



सध्या आपल्या पोरांत विम्यावरून दोन तट पडलेत. एक नोकरीला लागलेल्यांचा. तो म्हणतो, सरकारी दवाखान्यात कुत्रं विचारत नाही, चार पैसे हातात आहेत तर खासगी मेडिक्लेम काढा नि मोकळे व्हा. दुसरा वस्तीत काम करणाऱ्यांचा. तो चौदा एप्रिलला निळ्या मांडवात टेबल टाकून आयुष्मानची कार्डं काढून देतो आणि म्हणतो, पाच लाख फुकट, सरकारी विमा म्हणजे गरिबाचा विमा. दोघं एकमेकांना शिव्या घालतात. मला दोघांशीही भांडायचंय.

आधी मेडिक्लेमवाले. गड्यांनो, विमा म्हणजे काय? वस्तीत कुणाची मयत झाली की घरटी वर्गणी निघते, तेच कागदावर. धडधाकटाने आजाऱ्याचं ओझं उचलायचं, तरण्याने म्हाताऱ्याचं. खासगी कंपनी नेमकं हेच मोडते. ती माणसं निवडते. वय किती, साखर आहे का, धंदा काय? अपघात विम्यात तर धंद्यांच्या चक्क पायऱ्या पाडल्यात. टेबलाशी बसणारा वरच्या पायरीवर, अंगमेहनतीचा नि जोखमीचा धंदा खालच्या पायरीवर, खालच्याला हप्ता जादा. पायऱ्या हा प्रकार आपल्याला नवा नाही. जोखमीची कामं आमच्या बापजाद्यांच्या गळ्यात कुणी बांधली हे विचारायचं नाही, त्या जोखमीचा दंड मात्र आम्हीच भरायचा. अंगात आधीचा आजार असेल तर थांबा. चार वर्षं थांबावं लागायचं, २०२४ साली तीनवर आणलं, आणि ही म्हणे सुधारणा. ज्याला आज साखर आहे त्याने तीन वर्षं साखरेला सांगायचं, बाई गं, जरा थांब.

आकडाच हवा असेल तर घ्या. विमा नियामकाच्या २०२३-२४ च्या आकड्यांप्रमाणे नुसता आरोग्यविमा विकणाऱ्या खासगी कंपन्यांनी शंभर रुपये हप्त्यातले साधारण ६५ रुपये दाव्यांपोटी दिले. सरकारी कंपन्यांनी शंभराच्या वर दिले. सरकारी कंपन्यांकडे मोठाल्या गट-पॉलिसी जास्त, त्यामुळे त्यांचा आकडा फुगतो, हे मी जाणतो. तरी उरलेले ३५ रुपये कुठे गेले हे तुमच्या एजंटला एकदा विचारा.

आणि हे सगळं कुणाची वाट मोडून चाललंय? १९४७ साली बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ लिहिलं. त्यात शेती आणि मूलभूत उद्योगांबरोबर विमाही आहे. विमा ही राज्याची मक्तेदारी असेल, आणि प्रत्येक प्रौढ माणसाला त्याच्या कमाईच्या मानाने आयुर्विमा उतरवणं राज्य भाग पाडेल. आपण हे पुस्तक जयंतीला विकतो. वाचतो किती? त्यांचं कारणही कुणाच्या कळवळ्याचं नव्हतं, सरळ हिशेबाचं होतं. खासगी कंपनीपेक्षा राज्याची हमी पक्की, कारण मागे सगळ्या राज्याची मालमत्ता उभी. शिवाय जमलेला पैसा राज्याच्या नियोजनाला लागेल, सावकारी व्याजाने बाजारातून उचलायला नको. ते आयुर्विम्याबद्दल बोलत होते, खरंय. पण तत्त्व तेच. पुढे १९५६ साली आयुर्विमा सरकारी झाला. पँथर निघाली त्याच १९७२ साली साधारण विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला. मग १९९९ चा कायदा करून दार परत उघडलं. परकी भांडवलाला आधी २६ टक्के, २०१५ ला ४९, २०२१ ला ७४. तेव्हा आपण कुठे होतो? कुठल्या तरी गटाचा कुठला तरी नेता कुठल्या तरी मंत्र्याच्या गाडीत बसला, त्यावर भांडत होतो.

आता कार्डवाले. तुम्ही माझे जास्त जवळचे, म्हणून तुमच्यावर जास्त राग.

तुम्ही ज्याला सरकारी विमा म्हणता त्यात सरकारी काय आहे ते बघा. पैसा सरकारी, म्हणजे काडेपेटीपासून मोबाईलपर्यंत कर भरणाऱ्या आपल्याच आयाबहिणींचा. तो विमा कंपनीकडून नाहीतर थेट जातो हॉस्पिटलकडे, आणि त्यातली कितीतरी खासगी. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत ही योजना निघाली, तेव्हा यादीत ९७१ उपचार होते. २०१७ साली नाव बदलून जोतिरावांचं दिलं. दिल्लीची आयुष्मान २०१८ ची. नावं बदलली, रक्कम वाढली, यादी वाढली, पण गाभा तोच राहिला: दवाखान्यात भरती झालात तर पैसे. रोजची गोळी, रोजचं ड्रेसिंग, महिन्याची तपासणी तुमची तुम्ही बघा. आणि गरीब माणूस नागवला जातो तो तिथेच, मेडिकलच्या काउंटरवर.

माझी आय एका कंपनीत ठेकेदाराकडे झाडू-फरशीला होती. साखरेने पायाला जखम झाली, चिघळली. पिवळं रेशनकार्ड घेऊन मी तिला योजनेतल्या एका हॉस्पिटलात नेलं. खिडकीवरच्या पोराने कागद बघितले आणि शांतपणे सांगितलं, “रोज येऊन जखम धुवायची, औषधं, हे योजनेत बसत नाही. पाय कापायची वेळ आली तर या, ते बसतं.” तो पोरगा वाईट नव्हता. त्याने यादी वाचून दाखवली, बस. पाच लाखांचं कार्ड खिशात ठेवून आम्ही वस्तीतल्या डॉक्टरकडे सहा महिने उधारीवर ड्रेसिंग केलं. दोन बोटं गेली, पाय राहिला.

जिथे कापण्याचे पैसे मिळतात आणि बरं करण्याचे मिळत नाहीत, तिथे काय होणार? २००८ साली केंद्राने तीस हजारांच्या विम्याचं स्मार्टकार्ड काढलं. २०१२ साली छत्तीसगडमध्ये आणि बिहारमध्ये ओरड झाली, की खासगी नर्सिंग होमांनी त्या कार्डावर गरीब बायांची गर्भाशयं गरज नसताना काढली. त्या बायांकडे कार्ड होतं, म्हणूनच त्या सापडल्या.

आणि जोतिरावांचं नाव कशावर लावता? १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घालून यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं, आणि त्याच प्लेगने त्या गेल्या. त्या दवाखान्याच्या दाराशी कुणी यादी घेऊन बसलं नव्हतं.

मग विमाच नको का? हवा. पण कुठला? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली प्रा. आडारकरांना कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करायला सांगितलं गेलं. १९४४ ला अहवाल आला, त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला, आणि १९५२ साली कानपूर-दिल्लीत तो सुरू झाला. इएसआय म्हणतो आपण त्याला. त्यात मालकाने भरायचं, कामगाराने भरायचं. आणि त्या पैशातून स्वतःचे दवाखाने चालवायचे, घरातल्या सगळ्यांना रोजचं औषध द्यायचं, आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराचे ७० टक्के द्यायचे. हा खरा सरकारी विमा, आपल्या बापाच्या सहीच्या काळातला. त्याची आज काय दशा केलीय ते मला माहीत आहे. डिसेंबर २०१८ मध्ये मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागून माणसं मेली. त्याआधी २०१७ ला पगाराची मर्यादा २१ हजारांवर आणली, मग वर्षानुवर्षं ती तिथेच. २०१९ ला मालकाचा हिस्सा पावणेपाच टक्क्यांवरून सव्वातीनवर उतरवला. मोर्चा कुणी काढला? कुणी नाय.

आयच्या नऊ हजारांतून ठेकेदार दरमहा १५८ रुपये इएसआयचे कापायचा. पावतीवर छापून. विमा नंबर कधी हातात पडला नाही. नंबर असता तर तिची जखम इएसआयच्या दवाखान्यात रोज धुतली गेली असती, औषधासकट. ठेकेदार पळाला तर मूळ मालक जबाबदार, हे १९४८ च्या कायद्यातच होतं. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत घातलाय, तरी मालकाच्या दारात बसायचं कारण संपलेलं नाही.

तर टेबल जरूर टाका. कार्डही काढून द्या, अडल्यानडल्याला कामाला येईल. पण त्याच टेबलावर दुसरं रजिस्टर ठेवा. झाडूवाल्या, वॉचमन, गटारात उतरणारे, सगळ्यांना पगाराची पावती घेऊन बोलवा. कपात आहे का? किती? नंबर आहे का? ठेकेदार कोण, त्याच्या वरचा मालक कोण? लिहून घ्या. पावतीच मिळत नसेल तर तेही लिहा. शंभर नावं झाली की कामगार विम्याच्या ऑफिसात एकदम जाऊ, सुट्टे सुट्टे नाही. आयच्या पावत्या मी जपून ठेवल्यात, रजिस्टरात पहिलं नाव तिचं घाला.

जय भीम.