एआय पोस्टर काढतंय, मग डीटीपीचा कोर्स कशाला?

मे २०२५ मध्ये दहावीचा निकाल लागला आणि दोनच दिवसांत माझ्या आतेबहिणीचा फोन आला. "दादा, आयटीआयला डीटीपीचा ट्रेड आहे. फॉर्म भरू का? की एआयमुळे त्यात आता काही राहिलं नाही?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडेच येतात. मी लगेच सांगून टाकलं, "नको भरूस." तिने ऐकलं आणि अकरावी कॉमर्सला गेली. आता ती पुन्हा तेच विचारतेय, आणि माझं तेव्हाचं उत्तर घाईचं होतं, हे मला कबूल करावं लागतंय.

माझं उत्तर तसं का होतं?

कारण तेव्हाचं वातावरणच तसं होतं. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीत चित्रं काढणारं नवं मॉडेल आलं आणि बघता बघता सगळ्यांचे डीपी जिब्लीछाप झाले. पुढे ऑगस्टमध्ये गूगलचं नॅनो बनाना आलं, मग साडीतल्या फोटोंची लाट आली. ऑक्टोबरअखेर कॅनव्हाने ॲफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर सगळ्यांना फुकट करून टाकलं. फोटोमागची बॅकग्राउंड काढणं, रंग बदलणं, वाढदिवसाचा बॅनर जुळवणं ही कामं आता मोबाइलवर एका ओळीत होतात. क्लासमध्ये यातलंच बरंच काही पैसे भरून शिकवतात.

म्हणजे भीती खोटी नाही. फक्त बॅनर जुळवण्यावर पोट असेल, तर ते काम कमी होणार, असं मला आजही वाटतं.

मग माझं मत कशाने बदललं?

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेमुळे. गणपतीआधी मी एआयकडून मुखपृष्ठ करून घेतलं. स्क्रीनवर झकास दिसत होतं. छापखान्यात पाठवलं आणि तासाभरात तिथल्या डीटीपी ऑपरेटरचा फोन आला. तिने तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, फाइल लहान आहे. माझं चित्र १०२४ × १५३६ पिक्सेलचं होतं. ए-४ पान साधारण ८.२७ × ११.६९ इंचांचं असतं. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले, तर २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. माझ्याकडे इंचाला जेमतेम १२५ होते.

दुसरी, रंग. स्क्रीन लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळून रंग दाखवते; छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई वापरतात. स्क्रीनवरचे काही भडक निळे-हिरवे रंग त्या चार शायांतून निघतच नाहीत. शिवाय कडेला कटिंगसाठी ३ मिलिमीटर जादा भाग सोडावा लागतो, ज्याला छापखान्यात ब्लीड म्हणतात. तोही मी सोडला नव्हता.

तिसरी गोष्ट सगळ्यात लाजिरवाणी. "स्मरणिका"मधला "स्म" अर्धवट होता आणि मला तो दिसलाच नव्हता! हजार प्रती तशाच छापल्या असत्या, तर वर्गणीच्या पैशांचा हिशेब मलाच द्यावा लागला असता.

त्या ऑपरेटरने आयटीआयमधूनच डीटीपी केलं होतं. एक वर्षाचा कोर्स, दहावीनंतरचा.

एआयची देवनागरी का चुकते?

हे इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात रंजक वाटतं. आपण "क्षि" टाइप करतो तेव्हा कॉम्प्युटर चार खुणा साठवतो: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. मग हार्फबझसारखं एक इंजिन फॉन्टमधले नियम वाचतं, क आणि ष यांचं जोडाक्षर करतं आणि वेलांटी उचलून अक्षराच्या आधी बसवतं. यात अंदाज नसतो, नियम असतात.

चित्र काढणारं एआय असं काही करत नाही. ते अक्षराचंही चित्रच काढतं, जसं झाडाचं किंवा ढगाचं काढतं. इंग्रजीची उदाहरणं त्याने ढिगाने पाहिलेली असतात, मराठी जोडाक्षरांची त्या मानाने कमी. नवी मॉडेल्स यात बरीच सुधारली आहेत आणि आणखी सुधारतील. पण अक्षर बरोबर आलं तरी ते असतं चित्रच. त्यातली तारीख बदलायची असेल, तर कर्सर ठेवून बदलता येत नाही. आणि ते बरोबर आलंय की नाही, हे मराठी नीट वाचणाऱ्या माणसालाच तपासावं लागतं.

गंमत म्हणजे ही अडचण नुसती एआयची नाही. इंडिझाइनमध्ये साधा कंपोझर चालू असेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात. वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो. ॲफिनिटीच्याही जुन्या आवृत्त्यांत देवनागरी नीट बसायची नाही. म्हणून सॉफ्टवेअर फुकट मिळालं की आधी त्यात "श्री, क्षि, र्‍या, द्ध्या, र्त्वि" लिहून बघा. इंकस्केप फुकट आहे आणि त्यात जोडाक्षरं नीट जुळतात.

कोर्सची खरी अडचण

अडचण ही की बरेच क्लास डिझाइन शिकवत नाहीत, सॉफ्टवेअरची नावं शिकवतात. बोर्डवर फोटोशॉप, कोरलड्रॉ, कधी कधी अजून पेजमेकरसुद्धा! पेजमेकर १९८५ मध्ये आलं आणि त्याने खिळे जुळवणाऱ्यांचं काम घालवलं. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. म्हणजे ज्यांनी फक्त पेजमेकरची बटणं पाठ केली, त्यांचंही कौशल्य पुढे तसंच गेलं. एआय ही त्याच रांगेतली पुढची गोष्ट आहे, फक्त वेग जास्त.

मराठीत याला आणखी एक फाटा आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट बदलला की मजकुराचा कचरा होतो, आणि तोच मजकूर वेबसाइटवर किंवा व्हॉट्सॲपवर टाकता येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरीही कितीतरी छापखान्यांच्या जुन्या फाइल जुन्याच फॉन्टमध्ये अडकल्या आहेत. त्या दोन्ही पद्धती समजणारा माणूस आजही हवाच असतो.

प्रवेश घेण्याआधी काय विचाराल?

आयटीआय असो वा खाजगी क्लास, हे प्रश्न विचारा:

१. मराठी टायपिंग युनिकोडमध्ये शिकवता का? इनस्क्रिप्ट कीबोर्ड येईल का?
२. छपाईसाठी फाइल तयार करणं, म्हणजे रिझोल्युशन, शाईचे रंग, ब्लीड, हे प्रत्यक्ष करून घेता का? छापखान्यात नेता का?
३. अक्षरांची निवड, मोकळी जागा, मांडणी यांवर किती तास आहेत? मुक्ता, बलू यांसारखे एक टाइपचे मोफत फॉन्ट वापरून सराव होतो का?
४. एआय वापरून केलेलं काम तपासायला आणि दुरुस्त करायला शिकवता का?
५. मागच्या बॅचची मुलं आज कुठे आहेत? दोघा-तिघांशी बोलता येईल का?

पाचपैकी तीन प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं नाही, तर तिथे पैसे भरू नका. यूट्यूबवर बटणं फुकट शिकता येतात.

आतेबहिणीला मी आता एवढंच सांगितलंय: आधी आयटीआयमध्ये जाऊन हे प्रश्न विचार, मग एक दिवस छापखान्यात बसून बघ. काम आवडलं तर फॉर्म भर. यावेळी निर्णय तिचा. तिचं एक वर्ष माझ्या एका वाक्यावर गेलं, ते मला परत देता येणार नाही.