‘ते’ आलंय, कुठे टाकायचं?

मराठीच्या व्याकरणात लिंगे तीन. पैकी तिसरे आपण टेबलाला, पुस्तकाला, फार तर लेकराला लावतो. जाणत्या माणसाला लावले की तो अपमान ठरतो. रुग्णालयाच्या दारात तृतीयपंथी रुग्णाविषयी ‘ते आलंय, कुठे टाकायचं?’ असे विचारले जाते, तेव्हा व्याकरण आणि व्यवस्था या दोहोंनी मिळून एका माणसाची वस्तू केलेली असते.

‘स्वतंत्र कक्ष’ हे या प्रश्नाचे उत्तर आता सर्वमान्य होऊ पाहत आहे. २०१९ च्या कायद्याखालील २०२० च्या नियमांनी रुग्णालयांत असे कक्ष दोन वर्षांत उभारण्याची जबाबदारी शासनांवर टाकली. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ मध्ये ३० खाटांचा कक्ष सुरूही झाला. आजवर ज्यांना दारातूनच परतावे लागले त्यांच्या दृष्टीने हे पाऊल लहान नव्हे. आमचा आक्षेप आहे तो एवढ्याने प्रश्न मिटला असे मानण्याला.

रुग्णालयात खाटांची वाटणी आधी आजारावरून होते: अस्थिरोग, शस्त्रक्रिया, प्रसूती, क्षयरोग. स्त्री-पुरुष हा भेद त्यानंतरचा. या एकाच कक्षाचे दार ओळखीवरून उघडते. मग पाय मोडलेला आणि क्षयाने खोकणारा रुग्ण शेजारी निजवायचे काय? गर्भवती पारलिंगी पुरुषाला प्रसूतिकक्षापासून दूर न्यायचे काय? आणि तालुक्याच्या रुग्णालयाने ‘आमच्याकडे तशी सोय नाही, मुंबईला न्या’ म्हणून हात झटकायचे काय? सोय म्हणून दिलेला शब्द नकाराचे निमित्त होतो, तो असा.

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे: स्त्री-कक्षातील स्त्रियांच्या संकोचाचे काय? हा संकोच खरा आहे आणि त्याची टिंगल करणाऱ्यांशी आमचे जमणार नाही. परंतु तिच्या खाटेभोवती पडदा नाही, इतर रुग्णांच्या पुरुष नातेवाइकांची ये-जा रोखायला कोणी नाही, रात्री सारा कक्ष एका परिचारिकेच्या भरवशावर असतो. ही उणीव तृतीयपंथी रुग्णाने निर्माण केलेली नाही. शासनाच्या कंजूषपणाचे खापर एका आजारी माणसाच्या माथी फोडणे हे स्त्रीहिताचे लक्षण नव्हे. एखाद्या रुग्णाचे वर्तन त्रासदायक असेल, तर त्या वर्तनाचा बंदोबस्त करावा. मग तो रुग्ण कोणीही असो.

आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात मान्य केला. या अधिकाराचा अगदी साधा अर्थ असा, की आधी रुग्णाला विचारावे. आजार पाहून विभाग ठरवावा, इच्छा विचारून कक्ष द्यावा, प्रत्येक खाटेला पडदा असावा, आणि स्वतंत्र जागा मागणाऱ्याला ती मिळावी. न मागणाऱ्यावर ती लादू नये.

परिघावरच्या साहित्यावर आपण चर्चासत्रे भरवतो. सर्वनामांचा प्रश्न तर आपल्या विषयातलाच. ‘ते आलंय’ऐवजी ‘त्या आल्या आहेत’ म्हणायला ना निधी लागतो, ना शासननिर्णय.