काडीएवढा प्रमाद

लंडनमध्ये जगातील पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी धावू लागली. किंग्ज क्रॉस हे तिच्या आरंभीच्या स्थानकांपैकी एक. पुढे अनेक मार्ग तेथे येऊन मिळाले आणि गर्दी वाढत गेली.

१९८५ पासून भुयारी स्थानकांत धूम्रपानास बंदी होती. तरी बाहेर पडताना सरकत्या जिन्यावरच सिगारेट पेटवण्याची सवय सुटली नाही. १८ नोव्हेंबर १९८७ च्या सायंकाळी लाकडी जिन्याखाली आग लागली. फटीतून पडलेली जळती काडी हेच तिचे संभाव्य कारण, असा चौकशीचा निष्कर्ष होता. खाली वर्षानुवर्षांचे वंगण व धूळ साचलेली होती. काही मिनिटांत ज्वाळा तिकीटघरात उसळल्या. ३१ जणांचा अंत झाला. त्यांत प्रवाशांच्या मदतीस धावलेले अग्निशमन अधिकारी कॉलिन टाउन्सले हेही होते.

लहान आगी पूर्वीही लागल्या होत्या. ‘धुमसणे’ म्हणून त्या दुर्लक्षिल्या गेल्या. दुर्घटनेनंतर मात्र भुयारी रेल्वेतील लाकडी जिने क्रमाने हटवण्यात आले.

तत्त्वार्थसूत्रात कर्मबंधाच्या पाच कारणांत प्रमादाची गणना आहे. काडी टाकणाऱ्याच्या मनात हिंसा नसेल. पण यतनाही नव्हती. साचलेली धूळ न झाडणाऱ्यांचा प्रमाद त्याहून लहान कसा म्हणावा?