चाकांवरचे घर आणि वल्ह्यांचे राज्य

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेनजीक ईली नावाचे एक चिमुकले गाव आहे. लोकसंख्या जेमतेम सव्वातीन हजार. मे महिन्यात तळ्यांवरचे बर्फ वितळले, की या गावाच्या परिसरात आर.व्ही. म्हणजेच चाकांवरची घरे दाखल होऊ लागतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर, बिछाने असा सारा संसार पोटात घेऊन आलेली ही वाहने वीज आणि पाण्याची सोय असलेल्या तळावर मुक्काम ठोकतात. त्यापुढे मात्र त्यांना जाता येत नाही. गावापलीकडे सुरू होणाऱ्या ‘बाउंडरी वॉटर्स’ या सुमारे ११ लाख एकरांच्या अरण्यात हजाराहून अधिक तळी आहेत. पण आत रस्ते नाहीत आणि बहुतेक तळ्यांवर मोटारबोटीलाही मज्जाव आहे. तेथे राज्य चालते ते वल्ह्यांचे.

मुक्त भटकंतीचे प्रतीक मानले जाणारे वाहन आणि निर्बंधांनी जपलेले अरण्य यांची ही शेजारसोबत वरवर विसंगत वाटते. प्रत्यक्षात या गावाचे अर्थकारण याच विसंगतीवर उभे आहे. आर.व्ही.मधून येणारे कुटुंब गावात इंधन भरते, किराणा घेते, होडी भाड्याने घेते आणि चार दिवस अरण्यात काढून परत आपल्या चाकांवरच्या घरी येते. या अरण्याला दरवर्षी दीड लाखांच्या आसपास लोक भेट देतात. करोनाच्या साथीनंतर तर या वाहनांना अमेरिकेत अभूतपूर्व मागणी आली. २०२१ मध्ये सुमारे सहा लाख वाहने कारखान्यांतून बाहेर पडली. दोनच वर्षांत, २०२३ मध्ये, हा आकडा तीन लाख तेरा हजारांपर्यंत घसरला. पर्यटकांच्या लाटेवर संसार उभारणाऱ्या गावांनी या चढउतारातून घ्यायचा धडा उघड आहे.

मात्र ईली हे मुळात पर्यटकांचे गाव नव्हतेच. १८८० च्या दशकाच्या अखेरीस येथे लोहखनिजाच्या खाणी सुरू झाल्या आणि युरोपातून आलेल्या कामगारांनी गाव वसवले. १९३० च्या जनगणनेत येथील लोकसंख्या सहा हजारांवर होती. १९६७ मध्ये गावातील शेवटची खाण बंद झाली आणि बारमाही पगाराची जागा हंगामी कमाईने घेतली. खाणीवर मिळणाऱ्या मजुरीत घर चालत असे. होड्या भाड्याने देऊन किंवा उपाहारगृहात राबून हिवाळा निभावून नेणे तितके सोपे नाही. खाणीचा विषय निघाला की या गावात आजही दोन तट का पडतात, याचे उत्तर या इतिहासात आहे.

अरण्य राखले गेले तेही सहजासहजी नव्हे. १९४९ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी या प्रदेशावरून समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांखाली विमाने उडवण्यास बंदी घालणारा आदेश काढला. त्यामुळे आतल्या तळ्यांवर विमानाने गिऱ्हाईक नेणाऱ्यांचा धंदा बसला. १९६४ च्या अरण्य कायद्याने या भागाला संरक्षण दिले खरे, पण मोटारबोटींसाठी पळवाटा ठेवल्या. १९७७ मध्ये त्या बुजवण्याच्या प्रस्तावावर ईली येथे सुनावणी झाली, तेव्हा याच गावात राहणारे निसर्गलेखक सिगर्ड ओल्सन यांच्या प्रतिकृतीला संतप्त गावकऱ्यांनी फासावर लटकवले होते. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि अरण्यात लाकूडतोड व खाणकाम यांना बंदी, तर मोटारबोटींवर कडक मर्यादा आली. ज्या शांततेसाठी आज पर्यटक शेकडो मैलांवरून येतात, तिची किंमत आधी स्थानिकांनी मोजली आहे, हे विसरता येत नाही.

या शांततेची राखणही शिस्तीने होते. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात रात्रीच्या मुक्कामासाठी ठरावीक संख्येनेच परवाने दिले जातात. एका गटात नऊ माणसे आणि चार होड्या, यापलीकडे परवानगी नाही. काचेच्या बाटल्या आणि डबाबंद पदार्थांचे डबेही आत नेता येत नाहीत. साथीच्या काळात गर्दी आणि कचरा वाढल्यावर वनखात्याने २०२२ पासून परवान्यांची संख्या आणखी घटवली. गिऱ्हाईक वाढत असताना दार अधिक किलकिले करण्याचा हा निर्णय व्यावसायिकांना रुचला नाही. पण दीर्घकालीन हित त्यातच होते.

आता खरा पेच आहे तो अरण्याच्या सीमेबाहेरचा. ईलीजवळील बर्च लेक परिसरात तांबे आणि निकेलचे मोठे साठे आहेत. अँटोफगास्टा या चिली देशातील कंपनीच्या मालकीची ‘ट्विन मेटल्स’ येथे भूमिगत खाण काढू इच्छिते. हे खनिज गंधकयुक्त आहे. हवा आणि पाण्याशी संपर्क आला की त्यातून आम्ल तयार होते, आणि येथील पाणी कविशिवी नदीवाटे अरण्याच्या दिशेनेच वाहते. या तळ्यांत उगवणारा जंगली भात ओजिब्वे आदिवासींच्या जीवनाचा आधार आहे आणि तो सल्फेटला अतिशय संवेदनशील आहे. मिनेसोटाने त्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा १९७३ मध्येच घालून दिली. खाणसमर्थकांचा युक्तिवादही अगदीच पोकळ नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींना हे धातू लागणारच आहेत. ते आपल्या देखरेखीखाली का काढू नयेत, असा त्यांचा सवाल आहे.

या प्रश्नावर वॉशिंग्टनचे धोरण मात्र लंबकासारखे हेलकावत राहिले. २०१६ मध्ये ओबामा प्रशासनाने खाणपट्ट्यांचे नूतनीकरण नाकारले, २०१९ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ते केले, २०२२ मध्ये बायडेन प्रशासनाने ते रद्द केले. २०२३ मध्ये परिसरातील सुमारे सव्वादोन लाख एकर वनजमीन २० वर्षांसाठी नव्या खाणपट्ट्यांपासून दूर ठेवण्याचा आदेश निघाला आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रतिनिधिगृहाने तोच आदेश उलटवण्याचा ठराव २१४ विरुद्ध २०८ मतांनी संमत केला. या हेलकाव्यांत ना खाणीची नोकरी पक्की होते, ना होडीवाल्याची पुढची गुंतवणूक. दोन्ही बाजूंच्या सामान्य माणसाचे नुकसान होते ते या अनिश्चिततेपायी.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले आहे. धरणांचे जलाशय, सह्याद्रीतील पठारे आणि समुद्रकिनारे येथे चाकांवरची घरे उभी राहावीत, ही कल्पना आकर्षक आहे. वाहने आणणे आणि वाहनतळ बांधणे हा त्यातला सोपा भाग आहे. सांडपाणी कोठे जाणार, दिवसाला किती वाहने सोडायची आणि निर्बंधांचा भार सोसणाऱ्या गावकऱ्यांच्या हाती वर्षभराची मिळकत कशी पडणार, हे प्रश्न त्याहून अवघड आहेत. कास पठारावर पर्यटकांच्या संख्येला मर्यादा घालण्याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. तो अन्यत्र उपयोगात आणायला हवा. ईलीने अरण्य राखले, पण ते राखण्याचा खर्च आणि लाभ यांची न्याय्य वाटणी तिलाही अद्याप साधलेली नाही. तेथे अर्धशतकानंतरही धुमसणारा हा वाद आपल्याकडे उद्भवू नये असे वाटत असेल, तर ही वाटणी पहिले वाहन पोहोचण्यापूर्वीच ठरवावी लागेल.