मादरी जबान वर्गाबाहेर : फिलिपाईन्सच्या बिसाया भाषांचा आपल्यासाठी सबक

आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या भावा-बहिणींना विचारा, दवाखान्यात नाहीतर दुकानात त्यांच्यासोबत एखादा फिलिपिनो हमखास असतो. आपण समजतो, या सगळ्यांची भाषा एकच. तसे नाही. फिलिपाईन्समध्ये शंभराहून जास्त भाषा आहेत. मनिलाच्या बाजूला टागालोग बोलतात आणि तिच्याच पायावर 'फिलिपिनो' ही राष्ट्रभाषा उभी केली आहे. मधल्या विसायस बेटांवर आणि दक्षिणेच्या मिंदानाओच्या मोठ्या भागात मात्र बिसाया कुटुंबातल्या भाषा चालतात. सेबुआनो, हिलिगायनॉन आणि वराय या त्यातल्या मोठ्या. एकट्या सेबुआनोचे बोलणारे दोन कोटींच्या आसपास आहेत.

याच कुटुंबात एक भाषा मुसलमानांची आहे, तौसुग. 'तौ' म्हणजे माणूस, 'सुग' म्हणजे समुद्राचा प्रवाह. सुलू बेटांवर राहणारे हे लोक १० लाखांहून अधिक आहेत. पंधराव्या शतकात त्यांची सल्तनत उभी राहिली. स्पॅनिश राजवटीला ती शेकडो वर्षे पुरून उरली. त्यांची भाषा पूर्वी अरबी वळणाच्या लिपीत लिहीत. दीनी तालीम देणाऱ्या उस्तादाला तिथे 'गुरु' म्हणतात. हा संस्कृत शब्द त्यांच्या मदरशात आहे आणि कुणाला तो खटकत नाही.

सेबुआनो बोलणारे बहुतेक कॅथलिक आणि तौसुग मुसलमान. दोघांत लढायाही झाल्या. तरी पाण्याला दोघेही 'तुबिग' म्हणतात, चारला 'उपात' आणि पाचला 'लिमा'. भाषेला मजहब नसतो, हे आपण उर्दू-मराठीच्या वादात नेहमी सांगतो. इथे त्याचा जिवंत पुरावा आहे.

आता मूळ मुद्दा. २०१२ पासून फिलिपाईन्सच्या सरकारी शाळांत बालवाडी ते तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवणे सुरू झाले. २०१३ च्या कायद्याने त्याला बळ दिले. सुरुवातीला १२ भाषा होत्या, पुढे १९ झाल्या. सेबुआनो, हिलिगायनॉन, वराय आणि तौसुग पहिल्या बारातच होत्या. सुलूच्या लेकराला सरकारी शाळेत घरच्या बोलीत अक्षरे भेटली.

हे फार टिकले नाही. १० ऑक्टोबर २०२४ रोजी कायदा क्रमांक १२०२७ अमलात आला. राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली नाही, मुदत संपल्यामुळे तो आपोआप लागू झाला. आता माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी. घरची भाषा फक्त समजावून सांगण्यापुरती.

कारणे काय दिली गेली? पुस्तके नाहीत, शिक्षकांना प्रशिक्षण नाही, एकाच वर्गात तीन-तीन भाषांची मुले. या तक्रारी खोट्या नव्हत्या. २०१८ च्या पिसा चाचणीत वाचनात ७९ देशांमध्ये फिलिपाईन्स सर्वात खाली होता, त्यामुळे घाईही होती. पण त्या चाचणीला बसलेली १५ वर्षांची मुले २०१२ च्या आधीच तिसरी पार करून गेली होती. त्यांच्या नापाशीचे खापर मातृभाषेवर कसे फोडायचे? साहित्य न देता योजना राबवायची आणि मग योजनाच वाईट म्हणायची, हा प्रकार आम्हा शिक्षकांना नवा नाही.

नव्या कायद्याने एक दार थोडे उघडे ठेवले आहे. वर्गातली सगळी मुले एकाच भाषेची असतील तर त्या भाषेतून शिकवता येईल. अट अशी की त्या भाषेची ठरलेली लेखनपद्धती, शब्दसंग्रह, साहित्य, व्याकरणाचे पुस्तक आणि प्रशिक्षित शिक्षक हवेत. सेबुआनोला हे जमू शकेल. सुलूच्या खेड्यात वर्गभर तौसुग बोलणारीच मुले असतात, पण पुस्तके आणि शिक्षक कुठून आणायचे? त्यात सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सुलूला बांगसामोरो या मुस्लिम स्वायत्त प्रदेशातून वेगळे ठरवले, कारण २०१९ च्या मतदानात सुलूने नकार दिला होता. आता तौसुग शाळांसाठी भांडणारे घरचे सरकारही राहिले नाही.

आपल्याकडे पाहा. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, लोकांनी विरोध केला आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. मराठी समाज जागा होता. आपण मुस्लिम समाज किती जागे आहोत? तौसुगकडे जे नाही ते उर्दूकडे आहे. बालभारती उर्दूत पुस्तके छापते, डीएड-बीएड झालेले शिक्षक आहेत, शाळा आहेत. तरी पटसंख्या घटते, कारण आपणच मूल न समजणाऱ्या माध्यमात बसवतो आणि 'वाचत नाही' म्हणून ट्यूशन लावतो. कोकणी आणि दख्खनी बोलणाऱ्या घरांत तर बोलीला 'गावठी' म्हणून मुलांना गप्प केले जाते.

इंग्रजी नको असे आम्ही म्हणत नाही. इंग्रजी हवीच, मराठी तर या राज्यात रोजीरोटीची भाषा आहे. पण पहिली तीन वर्षे मूल ज्या भाषेत स्वप्न पाहते, त्या भाषेत त्याला वाचू द्या. दाखला घेण्याआधी वालिदैननी एवढा विचार करावा. रोज रात्री पंधरा मिनिटे आजी-नानीच्या बोलीत एक किस्सा सांगावा. त्यासाठी कुठल्याही कायद्याची परवानगी लागत नाही.