नाव ही किल्ली नव्हे

औरंगाबाद जिल्ह्याचे नाव 2023 साली छत्रपती संभाजीनगर झाले. नामांतराच्या राजकारणावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहून झाले आहे, त्यात मी भर घालणार नाही. मला एका आकड्याबद्दल बोलायचे आहे. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्याचा क्रमांक 515 होता. नाव बदलले म्हणून त्या नोंदींतला क्रमांक बदलला नाही. ज्या संगणकप्रणालीत जिल्हा अशा क्रमांकाने ओळखला जातो, तिथे फक्त वरची पाटी बदलायची होती. जिथे ‘औरंगाबाद’ हा शब्दच ओळख म्हणून वापरला असेल, तिथे मात्र गोंधळ अटळ. कुणी छत्रपती संभाजीनगर लिहिणार, कुणी छ. संभाजीनगर, कुणी संभाजी नगर असे तोडून. माणसाला हा एकच जिल्हा वाटतो, यंत्राला तीन. आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, म्हणजे ते नाव जुन्या काळीही पुरेशी ओळख नव्हतेच.

मी सिल्लोडला राहून वेब-अ‍ॅप्लिकेशन लिहितो. आज माझे भांडण माझ्याच धंद्यातल्या लोकांशी आहे. बाकीच्या वाचकांनीही ते ऐकावे, कारण या भांडणातले नुकसान शेवटी त्यांच्याच खात्यावर पडते.

आधी मुद्दा समजून घेऊ. सेतू केंद्रातला मुलगा पडद्यावर तुमचा अर्ज उघडतो, तेव्हा माहिती दूरच्या सर्व्हरवरून येते. दरवेळी तिथवर जायला नको म्हणून प्रोग्राम तिची एक प्रत जवळ ठेवतो आणि त्या प्रतीवर चिठ्ठी लावतो. तलाठ्याच्या दफ्तरात बस्त्यावर चिठ्ठी असते, तशीच. आमच्या भाषेत ही चिठ्ठी म्हणजे ‘क्वेरी की’. टॅनस्टॅक क्वेरी, जिला पूर्वी रिअ‍ॅक्ट क्वेरी म्हणत, ती या कामासाठी फार वापरली जाते. तिच्यात ही चिठ्ठी म्हणजे एक यादी असते: आधी ‘अर्ज’, मग अर्जाचा क्रमांक. चिठ्ठी हुबेहूब जुळली तरच ती प्रत सापडते.

हुबेहूब म्हणजे किती? 5 हा आकडा आणि अवतरणचिन्हांतला ‘5’ हा मजकूर, या दोन वेगळ्या चिठ्ठ्या ठरतात. पानाच्या पत्त्यातून येणारा क्रमांक नेहमी मजकूर असतो, सर्व्हरकडून येणारा बहुधा आकडा. म्हणजे एकाच अर्जाच्या दोन प्रती दोन चिठ्ठ्यांखाली पडून राहतात. साहेबांनी अर्ज मंजूर केला, प्रोग्रामने आकड्याच्या चिठ्ठीखालची प्रत ताजी केली. मजकुराच्या चिठ्ठीखालची प्रत ‘प्रलंबित’च म्हणत राहिली. कुठेही लाल अक्षरांत चूक दिसत नाही. ही लायब्ररी मुळात प्रती लवकर शिळ्या धरते, म्हणून शहरातल्या वेगवान इंटरनेटवर हा दोष झाकला जातो. पण आपल्याकडे नेट संथ, म्हणून हेच लोक ताजेपणाची मुदत वाढवून ठेवतात आणि दोष नेमका इथे चावतो. खिडकीपलीकडच्या बाईला सांगितले जाते, ‘उद्या या.’ तिची रोजी बुडते.

याहून वाईट प्रकार म्हणजे चिठ्ठीवर क्रमांकच न लिहिणे. नुसते ‘अर्ज’ लिहिले, तर पहिल्या बाईची प्रत दुसरीच्या नावाने उघडू शकते. बँक खाते, आजार, उत्पन्न, सगळे परक्यासमोर.

यावर उपाय आहे, आणि तो महाग नाही. चिठ्ठ्या प्रत्येक पानावर हाताने लिहायच्याच नाहीत. त्या बनवणारी फंक्शन एकाच फाइलमध्ये ठेवायची आणि सगळ्यांनी तिथूनच घ्यायची. टाइपस्क्रिप्टमध्ये सांगून ठेवायचे की इथे आकडाच चालेल. मग कुणी मजकूर दिला किंवा फंक्शनचे नाव चुकवले, तर प्रोग्राम चालण्याआधीच अडवणूक होते. 2023 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत ‘क्वेरी-ऑप्शन्स’ नावाची सोय आहे. ती चिठ्ठी आणि माहिती आणणारे फंक्शन एकत्र बांधते, त्यामुळे त्या चिठ्ठीखाली कोणत्या प्रकारची माहिती आहे हेही टाइपस्क्रिप्टला कळते. चिठ्ठीत क्रमांक राहून गेला, तर ते दाखवणारा ईएसलिंटचा नियमही तयार आहे. एक मर्यादा लक्षात ठेवावी: प्रोग्राम चालू झाला की टाइपस्क्रिप्टचे पहारे उठतात. म्हणून पत्त्यातून आलेला क्रमांक उंबरठ्यावरच तपासून आकड्यात बदलून घ्यावा.

यावर ठरलेली उत्तरे मिळतात. ‘वेळ नाही.’ ‘छोटे अ‍ॅप आहे.’ ‘चालतंय ना?’ चालते आहे, पण कुणासाठी? वेळ तुमचा वाचतो आणि जातो तो रांगेतल्या माणसाचा. तुमचा अर्धा दिवस वाचावा म्हणून शंभर जणांनी अंभई-शिवन्याहून एसटीने दुसरी खेप का मारावी? आणि छोटे अ‍ॅप छोटे राहत नाही. तालुक्यापुरते लिहिलेले जिल्ह्याला जोडले जाते, चिठ्ठ्या मात्र त्याच राहतात.

आता या ब्लॉगच्या वाचकांना रोज टोचणाऱ्या गोष्टीकडे येतो. ब्राउझरमधली चिठ्ठी आणि सरकारी नोंदीतली ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाऊक आहे. पण चुकीची जात एकच आहे: हाताने लिहिलेल्या अक्षरांना ओळख मानणे. मराठवाड्यातल्या मुसलमानाचे नाव घ्या. आधी शेख, मग स्वतःचे नाव, पुन्हा शेख, मग वडिलांचे नाव. फॉर्म विचारतो: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. एक ऑपरेटर शेख पुढे टाकतो, दुसरा मागे. मोहम्मदचे कुठे महंमद होते, कुठे नुसते मो. उरते. बाईच्या नावामागचे ‘बी’ कुठे जोडलेले, कुठे गळालेले, कुठे त्याचे बेगम झालेले. पीएम-किसानचा हप्ता आधारवरच्या नावाशी जुळत नाही म्हणून अडतो, आणि शपथपत्र करायला धावतो तो शेतकरी. अक्षरे त्याने टाइप केली नव्हती. खर्च मात्र त्याचा.

ही गैरसोय फक्त मुसलमानांची नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या प्रत्येक बाईची आहे. पण आमच्या बाबतीत स्पेलिंगचा फरक संशयापर्यंत जातो. आसामच्या 2019 च्या नागरिक नोंदणीतून 19 लाखांवर माणसे वगळली गेली. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही, आणि कागदोकागदी न जुळणारी नावे हे तिथले एक नेहमीचे गाऱ्हाणे होते.

कुणी म्हणेल, नाव जुळवले नाही तर बोगस लाभार्थी घुसतील. जरूर जुळवा. पण नाव हा पडताळणीचा एक पुरावा आहे. नोंद शोधायला न बदलणारा क्रमांक घ्या. नावात फरक दिसला तर यंत्राने अर्ज फेटाळू नये, माणसासमोर ठेवावा. शेख पुढे की मागे, हे सिल्लोडच्या कोणत्याही कारकुनाला एका नजरेत कळते. आणि चूक ज्या टेबलावर झाली, दुरुस्ती त्याच टेबलावर, फुकट व्हावी.

सरकारकडे ही मागणी आपण करत राहूच. माझ्या धंद्यातल्या पोरांना मात्र सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. सिल्लोडची, संभाजीनगरची कितीतरी मुले-मुली आज पुण्यात हेच काम करतात. आपल्या प्रोजेक्टमध्ये हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या शोधा, मोजा आणि एका फाइलमध्ये आणा. दोन-चार दिवसांचे काम आहे. साहेबांनी कारण विचारले तर सांगा, खिडकीपलीकडे उभी असलेली माणसे आमच्या घरातली आहेत.